मनाई असलेल्या कडव्यांचं जाहीर वाचन

न्याउंगबिन गावातली थांग्यातवरची बंदी उठली ती एका मंगळवारी, दुपारी सव्वादोन वाजता. अडीचपर्यंत गावाच्या लक्षात आलं की थांग्यात म्हणायची कशी, हे आता कुणालाच धड आठवत नाही.

चोवीस वर्षं म्हणजे काही थोडीथोडकी नव्हेत. तिंजानच्या पाण्याच्या सणात ढोलावर थाप मारायची आणि सरकारपासून सासूपर्यंत सगळ्यांची जाहीर टर उडवायची, ती थांग्यात, गावाची जुनी खोड. एकानं कडवं टाकून विचारायचं, "सांगा, खोटं आहे का?" आणि बाकीच्यांनी गळा ताणून उत्तर द्यायचं, "नाही, नाही, खोटं नाही!" लष्करानं सत्ता घेतल्यावर पहिली बंदी घातली पाचांपेक्षा जास्त माणसांनी जमण्यावर आणि दुसरी थांग्यातवर. पहिली बंदी लोकांनी इतकी मनावर घेतली की ज्यांच्या घरात सहा माणसं होती त्यांनी दोन पंगती सुरू केल्या. दुसरीबद्दल कुणी काही बोललं नाही. बोलण्यावरच तर बंदी होती.

ही बातमी रेडिओवर लागली तेव्हा दॉ न्वे नी बाजारातल्या आपल्या गाळ्यात लुंग्या शिवत होती. लुंगीला शिवण एकच असते, त्यामुळे शिवणाऱ्याला विचार करायला वेळ भरपूर मिळतो. त्या दिवशी तिनं विचारांच्या नादात एक लुंगी खालूनही शिवून टाकली. गिऱ्हाईक भला माणूस होता. त्यानं ती पिशवी म्हणून नेली.

तिच्या डोक्यात होता तिचा मोठा भाऊ, को म्यत थू. तो नदीवर नावा रंगवायचा आणि कडवी रचायचा. बंदी आली त्याच वर्षी तो नगरभवनासमोर ढोल घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "एकेचाळीस कडवी केलीत, सगळी ऐकल्याशिवाय कुणी हलायचं नाही." सहा कडवी झाली. सातवं चालू असताना लष्कराचा ट्रक आला आणि सगळ्यात आधी तोच हलला. सात वर्षांची शिक्षा झाली. चौथ्या वर्षी तुरुंगात तापानं तो गेला. न्वे नी तेव्हा तेवीस वर्षांची होती. कडव्यांचा कागद नव्हताच. सगळं त्याच्या डोक्यात होतं, आणि ते डोकं सरकारजमा झालं होतं.

आता न्वे नीला एकच गोष्ट हवी होती. ती एकेचाळीसच्या एकेचाळीस कडवी, त्याच नगरभवनासमोर, भर दुपारी, मोठ्यानं. अडचण एवढीच होती की तिच्याकडे साडेसहाच होती.

साडेसहा तर साडेसहा, म्हणून तिनं अकरा जणांची टोळी जमवली आणि अर्ज केला. बंदी उठली होती, पण परवानगी लागत होती. कडवी तीन प्रतींत समितीला आधी दाखवायची. समितीच्या टेबलामागे तीन खुर्च्या होत्या. मधल्या खुर्चीत अध्यक्ष ऊ ये नाउंग. हे दोन वर्षांपूर्वीपर्यंत कर्नल होते. मग एका सकाळी त्यांनी गणवेश घडी करून ठेवला आणि संध्याकाळपर्यंत लोकप्रतिनिधी झाले. उजवीकडची खुर्ची जनतेच्या प्रतिनिधीसाठी होती. ती रिकामी होती, कारण तो नेमायचा कुणी, यावर वरून काही आलं नव्हतं. डावीकडे थांग्यातचा तज्ज्ञ म्हणून ऊ सान पे बसला होता. गुप्तचर खात्याचा निवृत्त कारकून. थांग्यातबद्दलचा अनुभव अख्ख्या तालुक्यात त्याच्याइतका कुणाला नव्हता. वीस वर्षं त्यानं ती म्हणणाऱ्यांचे जबाब टाइप केले होते.

त्यानं न्वे नीचा कागद चष्म्याजवळ नेला आणि कपाळाला आठी घातली.

"हे चुकलंय."

"काय चुकलंय?" न्वे नी म्हणाली. "काय खोडायचं असेल ते खोडा. चुकलंय म्हणू नका."

"तिसरं म्हणून लिहिलंय ते पाचवं आहे. आणि सातवं अर्धंच आहे, तेही चुकीचं. शिवाय बदकाचं कुठं आहे?"

"कुठलं बदक?"

सान पेनं कागद खाली ठेवला. समोर कुणीच नाही अशा नजरेनं भिंतीकडे बघत, डाव्या हातानं टेबलावर ठेका धरत तो म्हणाला,

"बदक शिरलं कवायतीत, डावं-उजवं करत फिरलं,
हुकूम विचारला, म्हणालं 'क्वॅक', तिसऱ्या दिवशी मेजर ठरलं!
सांगा, खोटं आहे का?"

ऊ ये नाउंग सावकाश वळले. "हे कधीचं?"

"एकोणनव्वदचं, साहेब."

"त्या वर्षी मी मेजर झालो होतो."

"त्या वर्षी बरेच जण झाले होते, साहेब," सान पे म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. वीस वर्षांत त्यानं तो चेहरा फार जपला होता.

न्वे नी मात्र खुर्चीला धरून उभी होती. बदक तिनं कधी ऐकलं नव्हतं. पण ते बोलणं, ते मध्येच थांबणं, सगळं दादाचं होतं, शंकाच नको.

दुसऱ्या दिवशी ती सान पेच्या घरी गेली. तो अंगणात मोहिंगा, म्हणजे माशाच्या रश्शातल्या शेवया, खात होता. त्यानं बसायला स्टूल दिलं. ती बसली नाही.

"तुमच्याकडे किती आहेत?"

"सगळी."

"फाइल कुठे आहे?"

"फाइल वाळवीनं खाल्ली. आठ प्रती काढायच्या होत्या, बाई. कार्बन दोनच. म्हणजे तीनदा टाइप केलं. विसरायची सोयच राहिली नाही."

"मग सांगा. मी लिहून घेते आणि जाते."

"सांगतो. पण तिंजानला म्हणणार मी. तुम्ही सगळे उत्तर द्या."

न्वे नीला वाटलं, वाडगं उचलावं आणि याच्या डोक्यावर पालथं घालावं. "लाज वाटते का? माझ्या भावाला आत घातलं तुम्ही, आणि आता त्याच्या जागेवर उभं राहायचंय?"

"आत घालणारे वेगळे होते. मी टाइप करत होतो."

"वा! मग ट्रक चालवणारा फक्त ट्रक चालवत होता, आणि कुलूप लावणारा फक्त कुलूप लावत होता. माझा भाऊ चुकून स्वतःच आत गेला असेल."

सान पेनं चमचा खाली ठेवला.

"दोन दिवस त्यानं मला सगळं म्हणून दाखवलं," तो म्हणाला. "खोलीत मी एकटा. प्रत्येक कडव्याला विचारायचा, 'सांगा, खोटं आहे का?' आणि थांबायचा. उत्तराची वाट बघायचा. थांग्यात आहे ना, उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी मान खाली घालून टाइप करायचो. एकेचाळीस वेळा विचारलं त्यानं, बाई. एकेचाळीस वेळा मी काही बोललो नाही. रोज सकाळी दाढी करताना ऐकू येतं मला ते."

"येऊ दे," न्वे नी म्हणाली आणि निघून आली.

पण टोळीला हे सांगणं भाग होतं. टोळीतले सगळ्यात म्हातारे ऊ बा न्युन जन्मभर लोकशाहीची वाट बघत होते, त्यामुळे ती आता वापरून बघायची त्यांना घाई झाली होती. त्यांनी मतदान जाहीर केलं. यातल्या बहुतेकांनी आयुष्यात एकदाच मतदान केलं होतं, तेसुद्धा पूर्ण नाही. केंद्रावर पोचले तेव्हा त्यांची मतं आधीच पडलेली होती. अधिकाऱ्यानं त्यांचे आभार मानून परत पाठवलं होतं.

भाताच्या पातेल्यात चिठ्ठ्या टाकल्या. सान पेला घ्यावं, सहा. घेऊ नये, पाच.

ऊ बा न्युननी चिठ्ठ्या तीनदा मोजल्या. निकाल आधी माहीत नसलेलं मतदान त्यांनी पहिल्यांदाच बघितलं होतं आणि ते त्यांना थोडं संशयास्पद वाटत होतं.

हरलेले पाच जण एकमेकांकडे बघत बसले. मासळीवाली मा टिन टिन त्यांच्यातली. तिनं हळूच विचारलं, "मग आता आमचं काय?"

"काय म्हणजे?"

"म्हणजे आम्ही हरलो ना. आता आम्हाला काय करणार?"

यावर कुणीच विचार केला नव्हता. ऊ बा न्युननी डोकं खाजवलं. "काही नाही. चार वाजता सरावाला या."

"एवढंच?"

"येताना ढोल आणा."

मा टिन टिनला हे इतकं पटेना की तिनं जाताना दोनदा मागे वळून बघितलं. हरलेल्या पाचांतली दुसरी न्वे नी होती. जिला ती कडवी सगळ्यात जास्त हवी होती, तिनंच नको म्हणून मत टाकलं होतं. ती गाळ्यात जाऊन बसली. तीन लुंग्या शिवल्या. तिन्ही नीट शिवल्या गेल्या, याचाच तिला राग आला. चारला पाच कमी असताना ती उठली आणि सरावाला गेली.

सान पे म्हणत गेला, ती लिहीत गेली. त्याच्या तोंडून दादा असा काही बाहेर पडत होता की मधूनमधून तिला हसू यायचं आणि मग ती रागानं पेन्सिल दाबायची. तिसऱ्या दिवशी ढोलवाला को पौक कुरकुरला.

"काका, तुमचा ठेका डावरा आहे. तुम्ही डावरे आहात का?"

"नाही."

"मग सगळं डाव्या हातानं का वाजवता?"

"त्यानं तसंच वाजवलं होतं. उजवा हात खुर्चीला बांधलेला होता." सान पेनं चष्मा पुसला. "ठेक्याशिवाय त्याला आठवेना. मग डावा मी सोडला. परवानगी नव्हती."

को पौकनं ढोल फिरवून घेतला आणि डाव्या हातानं वाजवायला सुरुवात केली. त्या दिवशी न्वे नीनं सान पेला पहिल्यांदा चहा विचारला. "घेणार असाल तर आहे," असा.

एकेचाळीस कडवी तीन प्रतींत समितीपुढे गेली. ऊ ये नाउंग यांनी लाल पेन्सिलीनं अकरा खोडली. बदक पहिलं गेलं. तीस मंजूर झाली. चोवीस वर्षांपूर्वी ट्रक आला होता, आता पेन्सिल आली होती. प्रगती होती, पण दादा पुन्हा अपुराच राहणार होता.

तेवढ्यात समितीचा तज्ज्ञ खाकरला.

"साहेब, एक शंका. ही अकरा कडवी म्हणायला मनाई आहे, हे जनतेला कळणार कसं?"

"म्हणजे?"

"समजा कुणी अजाणता म्हटलं. धरल्यावर म्हणेल, मला माहीतच नव्हतं."

ऊ ये नाउंग यांनी टेबलावर बोट आपटलं. "माहीत नव्हतं ही सबब चालत नाही! आपल्या काळी गाडीवर कर्णा लावून कळवायचो आपण. काय करायचं नाही ते घरोघरी ऐकू जायचं."

"तसंच करू मग. कार्यक्रमाआधी कर्ण्यावरून मनाईची यादी वाचू. नुसते क्रमांक वाचू, की मजकूर?"

"नुसत्या क्रमांकावरून काय कळणार लोकांना?"

"म्हणजे पूर्ण मजकूर."

"पूर्ण! अर्धवट हुकूम मी आयुष्यात दिला नाही."

"लेखी मिळेल का, साहेब?"

"तीन प्रतींत घ्या," ऊ ये नाउंग म्हणाले आणि सही केली.

न्वे नीनं सान पेकडे बघितलं. तो कागदाच्या कडा जुळवत होता. चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

तिंजानच्या तिसऱ्या दिवशी दुपारी नगरभवनासमोर सगळं गाव ओलंचिंब उभं होतं. पिचकाऱ्या, बादल्या, नळ्या, एका हौशी माणसानं आणलेला शेताचा पंप. गालांवरचा थानाखाचा चंदनी लेप ओघळून हनुवटीपर्यंत आला होता. मांडवात ऊ ये नाउंग प्रमुख पाहुणे म्हणून छत्रीखाली बसले होते. टोळी मंचावर चढली. सान पे रेशमी लुंगी, कोट आणि डोक्याला फेटा अशा सरकारी थाटात कर्ण्यापुढे आला. लोकांतून कुजबुज झाली. त्याला ओळखत नाही असं घर गावात नव्हतं, आणि बऱ्याच घरांना तो ओळखत होता.

"समितीच्या हुकमानुसार," तो एकसुरी आवाजात म्हणाला, "पुढील कडवी म्हणण्यास सक्त मनाई आहे. नागरिकांनी ती नीट ऐकून घ्यावीत, म्हणजे चुकून म्हटली जाणार नाहीत. मनाई क्रमांक एक."

आणि को पौकची डावी थाप पडली.

"चार खांदेकरी, पाचवं मढं, हुकुमाची संख्या झाली पुरी,
रडायचंय त्यानं आळीपाळीनं रडावं आपापल्या घरी!
सांगा, खोटं आहे का?"

क्षणभर काहीच झालं नाही. मग मागच्या कुठल्या तरी म्हातारीच्या तोंडून, चोवीस वर्षं आत दाबलेली उचकी सुटावी तसं सुटलं, "नाही, नाही, खोटं नाही!" तिनं घाबरून तोंडावर हात ठेवला. पण तोवर निम्मा बाजार ओरडला होता. विचारलं की उत्तर द्यायचं, हे लोकांना अजून येत होतं. विसरले होते ते फक्त प्रश्न.

ऊ ये नाउंग यांनी समाधानानं मान हलवली. जनता हुकमाला एकमुखानं दुजोरा देत होती.

मनाई क्रमांक दोन. तीन. चार. प्रत्येक मनाईनंतर उत्तर वाढत गेलं. पाचव्याला शेतपंपवाला पंप बंद करून ओरडायला लागला. सातव्याला घाटावरच्या होड्यांतून उत्तर आलं. आठवं बदकाचं होतं.

"...तिसऱ्या दिवशी मेजर ठरलं! सांगा, खोटं आहे का?"

गाव असं काही गरजलं की प्रमुख पाहुण्यांची छत्री हलली. आता मात्र ते उठले. "थांबवा! हे म्हणायला मनाई आहे!"

"होय साहेब, तेच सांगतोय त्यांना," सान पे कर्ण्यातून आदरानं म्हणाला. "तीन राहिलीत. इथं थांबलो तर हुकूम अर्धवट राहील."

ऊ ये नाउंग उभे होते, बसले, पुन्हा उठले. लोकांना वाटलं नाचतायत. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शेवटी ते बसले, कारण सही त्यांची होती.

अकरा मनाया संपल्या, मग तीस मंजूर कडवी. त्यांना उत्तर देता देता न्वे नीचा आवाज बसला, तरी ती देतच होती. ट्रक आला होता त्या सातव्या कडव्याला तिनं रस्त्याच्या टोकाकडे बघितलं. तिकडून आईस्क्रीमची गाडी येत होती. कडवं पुरं झालं. आठवं झालं, मग उरलेली सगळी. एकेचाळीसपैकी एकेचाळीस. ढोल थांबला. लोक एकमेकांवर पाणी ओतत, मिठ्या मारत सुटले. मा टिन टिन रडत होती आणि ऊ बा न्युन तिला विचारत होते की आता हरल्यासारखं वाटतंय का.

सान पे मात्र कर्ण्यापुढून हलला नाही. त्यानं यादी घडी करून खिशात ठेवली आणि फेटा काढला.

"आणखी एक आहे," तो म्हणाला. हा त्याचा सरकारी आवाज नव्हता. "हे मी टाइप केलं नव्हतं. त्यानं तिथेच रचलं, माझ्यासमोर बसून."

न्वे नी वळली. सरावात हे कधी आलं नव्हतं. सान पेनं डावा हात मांडीवर आपटला.

"टायपावर नाचती बोटं दोन, बाबू वर काही बघत नाही,
हसू आलंय पोट धरून, पण हुकूम नाही, म्हणून हसत नाही!
सांगा, खोटं आहे का?"

नगरभवनासमोरचं सगळं गाव गप्प झालं. बदकाला हसणं वेगळं. हा माणूस समोर उभा होता. यानं ऐकलेलं यानं लिहिलं होतं आणि ज्यांचं लिहिलं ती माणसं आत गेली होती. यानं स्वतःबद्दल विचारलं तर उत्तर द्यायचं का? आणि दिलं तर ते कुठे टाइप होणार? ऊ ये नाउंग घाईघाईनं दोन्ही याद्या चाळत होते. "हे कुठल्या यादीत आहे? मंजूर आहे की नामंजूर?" कुणीच सांगेना, कारण ते कुठेच नव्हतं.

सान पे थांबला होता. घाम पुसत नव्हता, मान खाली घालत नव्हता. त्या खोलीत दादा असाच थांबला असेल, न्वे नीच्या मनात आलं. एकेचाळीस वेळा. बेचाळीस वेळा. तिला वाटलं, राहू दे याला असाच. एकदा तरी कळू दे, कसं वाटतं ते. दोन क्षण तिनं त्याला तसाच ठेवला. मग दादा दिसला, एक हात खुर्चीला बांधलेला, आणि तरी समोरच्या माणसाला हसवायचा प्रयत्न करणारा. कडवं दादाचं होतं. त्याला उत्तर न देता घरी जायचं?

तिनं छाती भरून श्वास घेतला आणि फाटलेल्या गळ्यानं ओरडली, "नाही, नाही, खोटं नाही!"

एकटीच. मग मा टिन टिन. मग टोळी. मग बाजार, घाट, होड्या, सगळं. उत्तर एवढं मोठं आलं की सान पे एक पाऊल मागे सरकला. आणि मग त्याचे खांदे हलले, आणि तो हसायला लागला. आधी खोकल्यासारखं, मग कोट धरून, मग मंचावर बसकण मारून. गावानं त्याला हसताना कधी बघितलं नव्हतं. हसणं सुरेख मुळीच नव्हतं, एखादं गाढव जिना उतरावं तसं होतं.

"पुन्हा!" लोक ओरडले. "पुन्हा म्हणा!"

त्यानं तोंड उघडलं. "टायपावर..." आणि पुन्हा कोसळला. त्याला काही म्हणता येईना. हातानं तो नुसता कर्ण्याकडे खूण करत होता.

न्वे नी पुढे झाली. वाटेत तिला कुणाची तरी बादली मिळाली. ती तिनं आधी त्याच्या डोक्यावर पालथी केली, पूर्ण, रेशमी लुंगीसकट. तो तसाच हसत राहिला. मग तिनं कर्णा हातात घेतला, को पौककडे बघून मान डोलावली आणि भावाचं बेचाळिसावं कडवं गावाला टाकलं.